शेळीचे दूध हा पर्याय नव्हे

प्रिय ताई,

सातारा जिल्ह्यातून आलेले आपले पत्र मी दोनदा वाचले. पेढ्याच्या एका तुकड्याने अडीच वर्षांच्या मुलाच्या अंगावर गांधी उठल्या, ओठ सुजले, उलट्या झाल्या. तपासणीनंतर डॉक्टरांनी दुधाची ॲलर्जी असल्याचे सांगून दूध पूर्ण बंद केले. आणि आता, घरच्या म्हशीच्या दुधावर तीन मुले वाढवलेल्या सासूबाई ‘शेळीचे दूध हलके असते, ते तरी द्या’ म्हणून अडून बसल्या आहेत. मुलाला काय द्यावे आणि त्यांना कसे समजवावे, असे आपण विचारता.

शेळीचे दूध कृपया देऊ नका. ही ॲलर्जी दुधातील केसीनसारख्या प्रथिनांची असते, आणि गाय, म्हैस व शेळी यांच्या दुधातील ही प्रथिने एकमेकांशी इतकी मिळतीजुळती असतात की गाईचे दूध न चालणाऱ्या बहुतेक मुलांना शेळीचेही बाधते. लॅक्टोज म्हणजे दुधातील साखर काढलेले दूधही उपयोगाचे नाही, कारण त्यात साखरेचा प्रश्न सुटतो, प्रथिने मात्र जशीच्या तशी राहतात.

पर्याय शोधताना पांढऱ्या पेल्याचा आग्रह आधी सोडावा, असे मला मनापासून वाटते. नारळाचे दूध किंवा घरी वाटलेले बदामाचे दूध दिसते दुधासारखे, पण प्रथिने आणि कॅल्शियम या दोन्ही बाबतींत ते दुधाची जागा घेऊ शकत नाही. पेयच द्यायचे असेल तर, सोया चालते का हे डॉक्टरांना विचारून, कॅल्शियम घातलेले आणि साखर नसलेले सोयापेय निवडावे; पाकिटावर बहुधा ‘बेव्हरेज’ असे लिहिलेले असते, आणि कॅल्शियम तळाशी बसते म्हणून ते नीट हलवून ओतावे. घरी केलेल्या सोयादुधात हे वरून घातलेले कॅल्शियम नसते.

बाकीचे काम आपल्याच स्वयंपाकघरातून होते. या वयात दिवसाला सुमारे 500 मिलिग्रॅम कॅल्शियम लागते, आणि 100 ग्रॅम नाचणीत ते साधारण 350 मिलिग्रॅम असते, म्हणजे 30 ग्रॅम पिठाच्या लहानशा भाकरीतून जवळपास 100 मिलिग्रॅम मिळते. नाचणीचे सत्त्व करताना मात्र चोथा गाळून टाकू नये, कारण कॅल्शियमचा मोठा भाग सालीतच असतो. तीळ पूर्वी खाऊन त्रास झाला नसेल तर त्याची पूड भाकरीत मळावी. प्रथिनांसाठी अंडे आणि वरण आहे; अंड्याचा दुधाशी काही संबंध नाही. तरीही कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्वाचे औषध लागेल का, हे वजन-उंची पाहून डॉक्टरांनाच ठरवू द्यावे.

पाकिटांवर ‘मिल्क सॉलिड्स’, ‘व्हे’, ‘केसीन’ हे दुधाचेच घटक सांगणारे शब्द शोधावेत, आणि दिसल्यास ते पाकीट टाळावे. बिस्किटांत आणि पावात ते बरेचदा सापडतात. आणि देवळात तळहातावर मिळणारे पंचामृत विसरू नये, त्यात दूधही असते आणि दहीही. त्रास झाल्यास कोणते औषध लगेच द्यायचे, हे डॉक्टरांकडून कागदावर लिहून घ्यावे व तो कागद घरातल्या प्रत्येकाला दाखवावा. श्वास लागला किंवा मूल मलूल पडले, तर घरी थांबू नये, थेट रुग्णालय गाठावे.

अनेक मुलांची ही ॲलर्जी शाळेच्या वयापर्यंत ओसरते, परंतु ती ओसरली का हे घरी चमचाभर दूध पाजून पाहणे धोक्याचे आहे. ती चाचणी डॉक्टरांच्या देखरेखीखालीच व्हावी.

सासूबाईंचा आग्रह मला हट्ट वाटत नाही. ज्या दुधावर त्यांनी मुले वाढवली तेच नातवाला विष ठरावे, हे त्यांना सोसत नसणार. पुढच्या तपासणीला त्यांना सोबत न्या आणि शेळीच्या दुधाचा प्रश्न त्यांनाच डॉक्टरांना विचारू द्या. घरी परतल्यावर नातवासाठी गूळ घालून नाचणीची खीर त्यांच्याच हातून होऊ द्या, आणि नारळाचे दूध तिथे चवीपुरते खुशाल वापरा.

आपली,
ताई