तुमचे प्रश्न : दुकानदार म्हणतो वॉरंटी संपली

या वेळी ऑस्ट्रेलियातल्या वाचकांची पत्रं घेतोय. फ्रिज, सोलर, गेम, विषय वेगवेगळे, पण सगळ्यांची अडचण एकच, समोरचा कागद दाखवतो आणि आपण गप्प बसतो.

प्र. मेलबर्नला टारनीटमध्ये राहते. सव्वादोन वर्षांपूर्वी १,९०० डॉलरचा फ्रिज घेतला, परवा कॉम्प्रेसर गेला. दुकानात मॅनेजर म्हणाला वॉरंटी दोन वर्षांची होती, संपली, एक्स्टेंडेड घेतली नव्हती ना, मग कंपनीला फोन करा. रिसीट सापडत नाहीये. फ्रीझरमधलं सगळं फेकावं लागलं ते वेगळंच.

उ. ताई, वॉरंटी कार्डावरची तारीख ही कंपनीने स्वतःहून दिलेल्या हमीची तारीख आहे, तुमच्या हक्काची नाही. १ जानेवारी २०११ पासून तिथे ऑस्ट्रेलियन कन्झ्युमर लॉ लागू आहे आणि त्याचं कलम ५४ सांगतं की विकलेली वस्तू नीट चालणारी, सुरक्षित आणि टिकाऊ असली पाहिजे. टिकाऊ म्हणजे किती वर्षं हे कायद्यात लिहिलेलं नाही, ते वस्तूचा प्रकार, किंमत, विकताना काय काय सांगितलं होतं यावरून ठरतं, आणि १,९०० डॉलरचा फ्रिज सव्वादोन वर्षांत बसावा हे कुठलाही शहाणा माणूस मान्य करणार नाही. बिलामागे बारीक अक्षरात काहीही छापलेलं असू दे, कलम ६४ प्रमाणे ही हमी कॉन्ट्रॅक्टने काढून टाकता येत नाही, तुम्ही खाली सही केली असली तरी. बाकीचा व्यवहार तसाच राहतो, फक्त तेवढी अट बाद.

आता मागायचं काय? बिघाड किरकोळ असेल तर रिपेअर करायचं, बदलून द्यायचं की पैसे परत द्यायचे हे दुकान ठरवतं, पण ते वाजवी वेळात आणि फुकट. बिघाड मोठा असेल तर निवड तुमची, रिफंड किंवा नवीन फ्रिज. मोठा म्हणजे कसा, तर असा बिघाड होणार हे आधी माहीत असतं तर कुणी तो फ्रिज घेतलाच नसता, किंवा तो धोकादायक आहे, किंवा सहज दुरुस्त होण्यासारखा नाही. कॉम्प्रेसरवरून दुकान वाद घालणार हे धरून चला, ते म्हणतील कॉम्प्रेसर बदलून देतो, मामला खलास. माझ्या मते तुमची बाजू भक्कम आहे, पण त्यांनी आठवडाभरात कॉम्प्रेसर फुकट बदलून दिला आणि फ्रिज पहिल्यासारखा चालला तर मी तरी कोर्टकचेरीच्या मागे लागणार नाही. पुन्हा काही झालं तर सोडू नका, कारण २०२० च्या शेवटी कायद्यात बदल झालाय आणि छोटे छोटे बिघाड एकत्र धरूनही मोठा बिघाड ठरू शकतो.

"कंपनीला फोन करा" हे उत्तर चालत नाही, पैसे ज्याने घेतले त्याने निस्तरायचं. रिसीट नसेल तर बँकेचं स्टेटमेंट पुरतं. फ्रिज तुम्ही उचलून न्यायचा नाही, एवढी अवजड वस्तू परत नेण्याचा खर्च त्यांचा. फ्रीझरमधल्या मालाचे फोटो काढले असतील तर त्याचेही पैसे मागा, फ्रिज बंद पडला की अन्न खराब होणार हे कुणालाही कळतं. फक्त काउंटरवर तावातावाने भांडू नका, ईमेल करा, त्यात कलम ५४ चा उल्लेख करा आणि उत्तराला मुदत द्या. तरी हलले नाहीत तर कन्झ्युमर अफेअर्स व्हिक्टोरिया हे तुमच्या राज्याचं ग्राहक खातं, आणि शेवटी व्हीकॅट, म्हणजे असे वाद निकाली काढणारं राज्याचं ट्रायब्युनल. एसीसीसी, म्हणजे देशपातळीवरचा ग्राहक आयोग, एकेकट्याची तक्रार सोडवत बसत नाही, तिथे वेळ घालवू नका.

प्र. सासूबाई साताऱ्याहून सिडनीला आल्यात. आम्ही नसताना रविवारी एक सेल्समन दारात आला, त्याने टॅब्लेटवर त्यांची सही घेतली, सोलरचा ७,००० डॉलरचा कॉन्ट्रॅक्ट! त्यांना इंग्रजी जेमतेम येतं. आता फोन येतायत की सही झालीये.

उ. सही झालीये हे खरं, आणि तिथली कोर्टं सहीला भाव देतात, वाचलं नव्हतं म्हणून सहसा सुटका होत नाही. पण न बोलावता दारात येऊन १०० डॉलरच्या वर काही विकलं तर १० कामकाजाचे दिवस काहीही कारण न देता रद्द करता येतं. शिवाय रविवारी दारावर यायलाच बंदी आहे, त्यामुळे तुमची मुदत तीन महिन्यांपर्यंत वाढते, आणि रद्द करायचा हक्क आहे हे त्याने सांगितलंच नसेल तर सहा महिन्यांपर्यंत. आजच लेखी कळवा, कॉपी ठेवा.

सासूबाईंचं इंग्रजी हा वेगळा मुद्दा. १९८३ मध्ये हायकोर्टाने (ऑस्ट्रेलियात तेच सर्वांत वरचं कोर्ट) अमाडिओ खटल्यात इटलीहून आलेल्या वयस्कर जोडप्याची बँकेला दिलेली हमी रद्द केली, मुलाच्या कंपनीसाठी त्यांनी सही केली होती आणि इंग्रजी धड येत नव्हतं. पण नुसतं भाषा येत नाही म्हणून नव्हे, तर बँकेला त्यांची अवस्था दिसत होती आणि तरी तिने सही घेतली म्हणून. तो लांबचा रस्ता आहे, दहा दिवसांचा सोपा रस्ता उघडा असताना तिकडे कशाला वळता.

प्र. मुलाने परदेशी ऑनलाइन स्टोअरवरून गेम घेतला, चालतच नाही. ते म्हणतात आमच्या अटींमध्ये रिफंड नाही आणि आम्हाला अमेरिकेचा कायदा लागू.

उ. हेच वाल्व्ह या अमेरिकन कंपनीने स्टीम या आपल्या ऑनलाइन गेम स्टोअरबद्दल म्हटलं होतं, वॉशिंग्टन राज्याचा कायदा लागू वगैरे. २०१६ मध्ये फेडरल कोर्टाने ते उडवून लावलं आणि ३० लाख डॉलरचा दंड केला. ऑस्ट्रेलियातल्या गिऱ्हाइकाला विकलं तर तिथल्या हमीतून सुटता येत नाही. आपल्याकडे "एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही" ही पाटी डोळ्यांना इतकी सवयीची आहे की खरीच वाटते, तिथे सरसकट "नो रिफंड" पाटी लावणंच बेकायदेशीर आहे.

प्र. सोफा घरी आणल्यावर रंग आवडला नाही. परत करता येईल?

उ. नाही. सोफ्यात दोष नसेल तर मन बदललं म्हणून कायदा मदत करत नाही, दुकानाची स्वतःची पॉलिसी असली तर बघा. आणि सेकंडहँड सोफा कुणा शेजाऱ्याकडून घेतला असता तर चांगल्या दर्जाची हमीसुद्धा नसती, ती फक्त धंदा करणाऱ्याकडून घेतल्यावर मिळते.