दर तासाला मागणारं बाळ आणि सात आठवड्यांवर आलेलं ऑफिस

तुझ्या प्रश्नात दोन प्रश्न एकमेकांत गुंतलेत. पाच आठवड्यांचं बाळ दर तास-दीड तासाने अंगावर मागतं, संध्याकाळी तर सोडतच नाही, म्हणून दूध कमी पडतंय का ही शंका. दुसरं म्हणजे पंपाने जेमतेम 30 मिली निघतं, मग सात आठवड्यांनी 9 तास ऑफिसला गेल्यावर कसं व्हायचं. शिवाय घरचे ‘वरचं दूध सुरू कर’ म्हणतायत.

दूध पुरतंय की नाही हे घड्याळावरून कळत नाही, पंपावरूनही नाही. ते लंगोट आणि वजनकाट्यावरून कळतं. 24 तासांत सहा किंवा जास्त वेळा फिकट रंगाची भरपूर शू, दोन आठवड्यांपर्यंत जन्माचं वजन भरून आलेलं, पुढे दिवसाला साधारण 20 ते 30 ग्रॅम वाढ. एवढं जुळत असेल तर बाळाने दिवसातून बारा वेळा मागितलं तरी दूध पुरतंय. वजन एकाच काट्यावर, कपड्यांशिवाय करायचं, नाहीतर आकड्यांवरून उगाच घाबरायला होतं. सहा आठवड्यांच्या सुमारास अंगावर पिणाऱ्या बाळांची शी एकदम कमी होते, कधी काही दिवस होतही नाही. ती मऊ असेल आणि वजन वाढत असेल तर दूध आटलं असं समजू नकोस.

संध्याकाळचं सारखं मागणं वैताग आणणारं असलं तरी त्याला कारण आहे. छातीत दूध साठून राहिलं की नवं तयार होण्याचा वेग मंदावतो, रिकामी झाली की वाढतो. संध्याकाळी छाती सैल लागते, एका वेळी दूध थोडं येतं पण जास्त स्निग्ध असतं, म्हणून बाळ थोडं थोडं पुन्हा पुन्हा ओढतं. ‘रात्री एक बाटली दे, शांत झोपेल’ हा सल्ला इथेच महागात पडतो. बाळ झोपतं खरं, पण छाती तासन्‌तास भरलेली राहते, शरीर मागणी घटली असं धरतं आणि काही दिवसांत दूध खरोखर कमी होतं. मग बाटल्या दोन होतात. वजनासाठी डॉक्टरांनीच वरचं दूध सांगितलं असेल तर जरूर दे, त्यात अपराधी वाटायचं काही कारण नाही. फक्त त्या प्रत्येक वेळी पंप करून घे.

एक मात्र नीट बघ: बाळ पितंय की नुसतं चोखतंय? त्याच्या हनुवटीकडे लक्ष दे. पान्हा फुटला की एक-दोनदा ओढून बाळ गिळतं. तोंड पूर्ण उघडलेलं असताना हनुवटी क्षणभर थांबते, मग हलकासा ‘क्‌’ असा आवाज येतो. काही मिनिटांनी हनुवटी नुसती थरथरायला लागते, म्हणजे गिळणं थांबलं. तेव्हा अंगठा एका बाजूला आणि चार बोटं दुसऱ्या बाजूला ठेवून स्तन हलकेच दाब, दुखेल इतका नाही, आणि तसाच धरून ठेव. गिळणं सुरू झालं तर ते थांबेपर्यंत सोडू नकोस. दाबूनही गिळत नसेल तर दुसऱ्या बाजूला घे, नंतर हवं तर पुन्हा पहिल्या. पाजून झाल्यावर स्तनाग्र लिपस्टिकसारखं तिरकं चेपलेलं दिसत असेल, दुखत असेल किंवा पिताना टकटक आवाज येत असेल तर पकड उथळ आहे. अशा वेळी स्तनपान सल्लागाराला प्रत्यक्ष पाजताना दाखव, कारण फोटोवरून पकड कळत नाही.

आता ऑफिस. एक ते सहा महिन्यांचं बाळ 24 तासांत साधारण 750 मिली दूध पितं, म्हणजे तासाला साधारण 30 मिली. वय वाढलं तरी हा आकडा फारसा वाढत नाही. 9 तास आणि जाण्या-येण्याचा एक, असे 10 तास धरले तर लागतं सुमारे 300 मिली. पहिल्या दिवसासाठी 400 आणि सांडलं-लवंडलं तर आणखी 200-300 एवढा साठा पुरे, कारण सोमवारी ऑफिसात काढलेलं दूध मंगळवारी बाळाला मिळतं. फ्रीजर गच्च भरण्याच्या नादात दिवसातून पाच वेळा पंप केलास तर दूध गरजेपेक्षा जास्त यायला लागेल, छाती दगडासारखी होईल आणि गाठी बसतील.

दिवसातून एकदाच काढ. सकाळच्या पहिल्या पाजण्यानंतर अर्ध्या ते एक तासाने, दोन्ही बाजू, साधारण 15 मिनिटं. बाळाचं पोट भरल्यावर 30 मिली निघणं अगदी नेहमीचं आहे. रोज 30 धरलं तरी सहा आठवड्यांत सव्वा लिटर होतं. याहून फारच कमी येत असेल तर आधी फनेल (पंपाचा स्तनावर बसणारा नरसाळ्यासारखा भाग) बघ. बऱ्याच पंपांबरोबर 24 मिमीचं येतं आणि ते अनेकींना मोठं पडतं. स्तनाग्राचा व्यास मोजून (भोवतीचा काळसर भाग सोडून) त्यात 2-3 मिमी मिळव. काळसर भाग आत खेचला जात असेल तर फनेल मोठं आहे, स्तनाग्र कडांना घासत असेल तर लहान. सुरुवात जलद-हलक्या ओढीने, दूध वाहू लागलं की संथ-खोल. जोर दुखण्याच्या अलीकडेच ठेव, कारण दुखलं की पान्हा अडतो. चांगला चालणारा पंप अचानक ढिला पडला तर बहुधा छोटी सिलिकॉनची झडप फाटलेली असते. एक जास्तीची जवळ ठेव.

काढलेलं दूध 25 अंशांपर्यंतच्या खोलीत 4 तास टिकतं, उकाड्यात त्याहून कमी. फ्रीजमध्ये आतल्या बाजूला (दारात नको) 4 दिवस, उणे 18 अंशांच्या फ्रीजरमध्ये 6 महिने. 60-90 मिलीच्या पिशव्या कर, तारीख घाल, आडव्या गोठव. वितळलेलं 24 तासांत संपव, पुन्हा गोठवायचं नाही. बाळाचं उष्टं 2 तासांनंतर टाकून द्यायचं. मायक्रोवेव्ह नको, मधेच चटका बसेल इतकं तापतं. गोठवलेल्या दुधाला साबणासारखा वास येऊन बाळ तोंड फिरवत असेल तर ते नासलेलं नाही, त्यातल्या विकराने (एन्झाइमने) स्निग्धांश फोडलाय. पुढच्या वेळी ताजं दूध कडेला बारीक बुडबुडे येईपर्यंतच तापव, लगेच गार कर आणि मग गोठव. म्हणून साठा करण्याआधी एक पिशवी चार-पाच दिवस गोठवून चाखून बघ.

ऑफिसात दर 3 तासांनी, म्हणजे तीनदा पंप. पंपाच्या भागांचे दोन-तीन संच ने. वापरलेले वेगळ्या पिशवीत, घरी साबणाच्या गरम पाण्याने वेगळ्या भांड्यात धुवायचे, सिंकमध्ये नाहीत. दूध बर्फाच्या पॅकसह थंड पिशवीत.

खरी गडबड बाळाला भरवणाऱ्याच्या हातून होते. बाटली आडवी न धरता वर केली की दूध आपोआप ओतलं जातं, बाळ पाच मिनिटांत 120 मिली संपवतं आणि संध्याकाळी ‘तुझं दूध पुरत नाही’ असं ऐकावं लागतं. सर्वांत संथ निपल, बाळ जवळजवळ बसतं, बाटली जमिनीला समांतर, थोडं पिऊन झालं की खाली झुकवून विश्रांती. एका वेळी 60-90 मिली, 15-20 मिनिटं. ओठांच्या कोपऱ्यातून दूध गळणं, डोळे विस्फारणं, बोटं ताणणं ही वेग जास्त असल्याची लक्षणं. सराव आताच सुरू कर, दोन-तीन दिवसांआड 30 मिली, दुसऱ्या कुणाच्या हातून आणि बाळ अर्धवट भुकेलं असताना. बाटली नकोच म्हणालं तर वाटी-चमचाही चालतो. तू घरी पोचायच्या आधीच्या तासाभरात भरवायचं नाही, असं सांगून ठेव.

बाळ पाजायलाही उठत नसेल, शू कमी झाली असेल किंवा त्याला 38 अंश किंवा जास्त ताप असेल तर लगेच डॉक्टर. तुला तापासह स्तनावर लाल, दुखरा भाग आला तर तूही दाखव. पाजणं थांबवू नकोस, गाठ जोराने चोळूही नकोस. कापडात गुंडाळलेला बर्फ ठेव.

जमलं तर बुधवारी किंवा गुरुवारी रुजू हो, पहिला आठवडा छोटा होतो. शुक्रवारी काढलेलं दूध फ्रीजमधून सोमवारी चालतं, आणि शनिवार-रविवार फक्त अंगावर पाज.