'माय नेबर टोटोरो'मध्ये काही घडतच नाही, मग तो लोकांना इतका का आवडतो?

तुम्ही विचारलंय की मित्रांच्या आग्रहाखातर 'माय नेबर टोटोरो' हा जपानी अॅनिमेशन सिनेमा पाहिला, चित्रं सुंदर वाटली, पण सिनेमा संपला तरी गोष्ट सुरू व्हायचीच वाट बघत होतात; मग लोक या सिनेमावर एवढा जीव का टाकतात?

खलनायक नाही, लढाई नाही, शाप नाही, हे तुमचं म्हणणं खरंच आहे. दोन बहिणी, मोठी सात्सुकी आणि धाकटी मेई, वडिलांबरोबर खेड्यातल्या जुन्या घरात राहायला येतात. आई दवाखान्यात आहे. घरामागच्या रानात त्यांना एक भलामोठा केसाळ प्राणी, टोटोरो, भेटतो. ८६ मिनिटांत एवढंच. पण एक गोष्ट त्यात पहिल्यापासून शेवटपर्यंत घडत असते, ती म्हणजे वाट पाहणं. आई घरी कधी येणार, याची वाट. आणि ती सगळी मुलींच्या नजरेनं दाखवलेली आहे. मोठी माणसं आजाराचं नावसुद्धा घेत नाहीत. मुलींना जेवढं कळतं तेवढंच आपल्यालाही कळतं.

मी तिसरीत असताना माझी आई दीड महिना दवाखान्यात होती. मी आणि धाकटा भाऊ आत्याकडे राहायचो. कधीही विचारलं की उत्तर ठरलेलं : "येईल हं परवा." त्या दीड महिन्यात असे किती परवा आले आणि गेले. टोटोरो मी पाहिला तेव्हा चोवीस वर्षांची होते, आणि सात्सुकी शेजारच्या आजींसमोर म्हणते ना, की मागच्या वेळीही असंच सांगितलं होतं, थोडे दिवस राहावं लागेल फक्त, तिथे मला सिनेमा थांबवावा लागला. तोपर्यंत ही मुलगी कशी वागलीय आठवा. सकाळी उठून सगळ्यांचे डबे भरते, मेईची वेणी घालते, आईला हसतमुखानं पत्र लिहिते. तीच एका तारेनं कोसळते. दवाखान्यातून तार येते, ती शेजाऱ्यांच्या नातलगांकडे जाऊन वडिलांना फोन लावते, आणि कळतं की आईला सर्दी झाल्यामुळे शनिवारचं घरी येणं पुढे ढकललंय. नुसती सर्दी. मोठ्यांसाठी ती सर्दी असते, तिच्यासाठी नसते. मोठ्या बहिणीचं भेदरणं इतक्या सच्चेपणानं दाखवलेलं मी दुसरीकडे कुठे पाहिलेलं नाही.

दिग्दर्शक हायाओ मियाझाकी लहान असताना त्यांची स्वतःची आई मणक्याच्या क्षयानं कित्येक वर्षं अंथरुणाला खिळून होती. हे मला नंतर कळलं आणि मग वाटलं, अर्थात.

आता टोटोरोकडे येऊ. तो नक्की करतो काय? आईला बरं करत नाही. बोलतसुद्धा नाही, नुसती डरकाळी फोडतो. मेई त्याला नाव विचारते, त्याच्या त्या आवाजात तिला 'टोटोरो' ऐकू येतं. (गोष्टीच्या पुस्तकातल्या ट्रोल राक्षसाला जपानीत 'तोरोरू' म्हणतात. मेईची जीभ तिथे अडखळते, त्यातून हे नाव आलं.) आपल्या भाषेत त्याच्या कामासाठी नेमका शब्द आहे : सोबत. अंधारात मागच्या अंगणात जायचं असलं की आपण कुणाला तरी म्हणतो, जरा सोबतीला ये. त्या माणसानं काही करायचं नसतं. नुसतं बरोबर असायचं. टोटोरो असा सोबतीला येतो.

बसथांब्याचा प्रसंग परत पाहा, हे सगळं त्यात आहे. बाबा छत्री न घेता गेलेत म्हणून दोघी पावसात त्यांची छत्री घेऊन थांब्यावर उभ्या आहेत. एक बस येते, बाबा त्यात नाहीत. बस निघून जाते. अंधार पडतो, दिवा लागतो. मेईला झोप येते, सात्सुकी तिला पाठुंगळी घेते. एक बेडूक निवांत चालत जातो. बराच वेळ फक्त पाऊस. दुसऱ्या कुठल्याही सिनेमात हे सगळं कापून टाकलं असतं. इथे ते ठेवलंय, कारण लहान मुलासाठी न आलेली बस हीच केवढी मोठी घटना असते. मग छत्रीच्या कडेखालून सात्सुकीला शेजारी नख्यांचे दोन मोठे पाय दिसतात. टोटोरो डोक्यावर एक पान ठेवून तिच्यासारखाच बसची वाट बघत उभा आहे. ती घाबरते, पण त्याच्याकडे छत्री नाही हे तिच्या लक्षात येतं आणि ती बाबांची छत्री त्याला देते. छत्रीवर थेंब टपटपतात, तो आवाज त्याला इतका आवडतो की तो एक उंच उडी मारून आदळतो आणि झाडांवरचं सगळं पाणी एकदम कोसळतं. त्या क्षणाचा त्याचा चेहरा बघा! मग मांजरबस, म्हणजे बस झालेलं एक प्रचंड मांजर, येते, तो मुलींच्या हातात पानात बांधलेली बियांची पुरचुंडी ठेवतो आणि छत्री घेऊन निघून जातो. त्यानंतर बाबांची बस येते. गाडीला उशीर झाला होता, एवढंच.

तुम्हाला 'काही घडलं नाही' असं वाटलं ते मला वाटतं अशाच जागांमुळे. त्या जागा घाईनं पाहता येत नाहीत.

चित्रं सुंदर वाटली म्हणालात, पण सौंदर्याहून मला त्यातली नजर जास्त मोलाची वाटते. घरात आल्या आल्या सात्सुकीला बाबांना काही सांगायचंय, पायात बूट आहेत, काढायला वेळ नाही. मग ती काय करते? बूट वर धरून गुडघ्यांवर चालत आत जाते, म्हणजे चटईला माती लागायला नको. मागोमाग मेई तसंच करते, कारण ताईनं केलं. चपला बाहेर काढणाऱ्या घरात वाढलेल्या कुणालाही हे पाहून हसू येईल. गोष्टीला या चार पावलांची काहीच गरज नाही. पण ज्यानं मुलांना वर्षानुवर्षं निरखलंय त्यालाच ती सुचतात. तसंच मेईचं. बूड गेलेल्या बादलीला डोळा लावून ती जग बघते, त्या गोल भोकातून तिला बियांची रांग दिसते, आणि त्या वेचत वेचत ती टोटोरोच्या पोटावर जाऊन पडते. ते पोट कसं दबतं, कसं वर येतं, त्याच्या श्वासाबरोबर ती कशी हलते! हातानं काढलेल्या चित्राला असं वजन आणि अशी ऊब आणणं फार अवघड काम आहे.

पार्श्वभूमीची चित्रं काझुओ ओगा यांच्या देखरेखीखाली रंगवली गेली. काळ साधारण १९५०च्या दशकाचा, आणि प्रदेशाची प्रेरणा टोकियोच्या पश्चिमेकडच्या सायामा टेकड्यांची, तोकोरोझावा परिसराची, जिथे मियाझाकी स्वतः राहतात. भातखाचरं, ओढा, बांध, मधूनच रान. माणसानं वापरलेलं तरी जिवंत राहिलेलं असं हे रान, जपानीत त्याला 'सातोयामा' म्हणतात. घरामागच्या प्रचंड कापराच्या झाडाला गवताचा जाड दोर बांधलेला आहे, म्हणजे तिथे देवाचा वास आहे. मेई टोटोरो भेटल्याचं सांगते तेव्हा वडील तिला खोटं पाडत नाहीत. तिघं त्या झाडापुढे उभं राहून वाकून आभार मानतात. ज्यांच्या गावाला देवराई आहे त्यांना हा नमस्कार समजावून सांगावा लागणार नाही. या सिनेमावरच्या प्रेमातून पुढे खऱ्या जमिनीही वाचल्या : १९९० साली त्या टेकड्यांसाठी 'टोटोरो'च्या नावानं निधी सुरू झाला आणि लोकांच्या देणग्यांतून रानाचे तुकडे एकेक करून विकत घेऊन राखले गेले. एखाद्या सिनेमाला याहून मोठी दाद कुठली मिळाली असेल, मला माहीत नाही.

अजून एक. सुरुवातीच्या कल्पनेत दोन नाही, एकच मुलगी होती. म्हणून पोस्टर पाहा : थांब्यावर टोटोरोशेजारी एकच मुलगी उभी आहे, थोडी सात्सुकी, थोडी मेई. दोघींच्या नावांतही ती खूण उरलीय. 'सात्सुकी' हे पाचव्या महिन्याचं जुनं जपानी नाव, आणि 'मेई' म्हणजे इंग्रजी मे. एकीच्या दोघी झाल्या हे फार बरं झालं. एकीनं भीती गिळायची आणि एकीनं ती मोठ्यानं रडून काढायची, हे दोघींशिवाय जमलं नसतं. आमच्याकडे रडायचं काम भावानं केलं.

इंटरनेटवर तुम्हाला कदाचित असंही सापडेल की दोघी बहिणी मेलेल्या असतात आणि टोटोरो हा मृत्यूचा देव आहे. त्याच्या नादी लागू नका. सिनेमा बनवणाऱ्या स्टुडिओ घिबलीनं ते स्वतः नाकारलेलं आहे, आणि तसं मानलं तर या सिनेमातलं धैर्यच निघून जातं. शेवटाकडे मेई हरवते, तळ्यात चप्पल सापडते, गावकरी पाण्यात बांबू घालून शोधत असतात, आजी हात जोडून पुटपुटत असतात, आणि सात्सुकी धापा टाकत येऊन म्हणते, ही मेईची नाही. त्या सुटकेवर माझा पूर्ण विश्वास आहे. (१९८८च्या एप्रिलमध्ये हा सिनेमा चित्रगृहांत आला तो इसाओ ताकाहाता यांच्या 'ग्रेव्ह ऑफ द फायरफ्लाइज'च्या जोडीनं. युद्धात अनाथ झालेल्या भावाबहिणीची ती गोष्ट. लोकांनी एकाच तिकिटावर दोन्ही पाहिले. मला त्या प्रेक्षकांबद्दल अनेकदा कुतूहल वाटतं.)

मेई निघालेली असते ती आईला मक्याचं कणीस द्यायला. आजींच्या शेतातलं खाल्लं की आई बरी होईल, असं तिनं मनाशी धरलेलं असतं. सात्सुकी मदत मागते तेव्हासुद्धा टोटोरो स्वतः शोधायला जात नाही, तो मांजरबस बोलावून देतो. बसच्या पाटीवरची गावाची नावं फिरत फिरत शेवटी 'मेई' येतं. मेई रस्त्याकडेच्या सहा जिझो मूर्तींजवळ (जिझो म्हणजे मुलांना सांभाळणारा देव) कणीस छातीशी धरून बसलेली असते. मग दोघी दवाखान्याबाहेरच्या झाडावर बसून खिडकीतून आईबाबांना बोलताना, हसताना बघतात आणि आत न जाताच परततात. खिडकीत कणीस उरतं, त्याच्या पानावर कोरलेलं असतं, 'आईसाठी'.

पुन्हा पाहणार असाल तर एखाद्या पावसाळी संध्याकाळी, जपानी आवाजातच पाहा, मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवून. संगीतकार जो हिसाइशी यांचं संगीत जिथे थांबतं तिथे नीट कान द्या. आणि शेवटी नावं सरकायला लागली की बंद करू नका. बहुतेक जण तिथे उठतात. ज्याची सगळा वेळ वाट पाहिली ते तिथल्या छोट्या छोट्या चित्रांत आहे : टॅक्सीतून आई घरी येते, आणि मुली धावत जाऊन तिला बिलगतात.