टिकत नाहीत अशा वस्तू लोकच घेतात, मग दोष कंपनीचा कसा?

दोष कंपनीचाच. हाच सवाल मला माझ्या थोरल्या भावाने आईसमोर केला होता, तोही ती ओले कपडे हाताने पिळत असताना. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आमचं समोरून दार असलेलं वॉशिंग मशीन कपडे पिळायला लागलं की इतकं धडधडायचं की शेजारच्या खोलीत बोलणं ऐकू येईना. मेकॅनिकने ड्रम हाताने फिरवला आणि लगेच सांगितलं, बेअरिंग गेलं. बेअरिंग म्हणजे मुठीत मावेल एवढा भाग. ते ज्या प्लास्टिकच्या टबात बसवलेलं असतं, त्याचे दोन भाग बऱ्याच मशीनमध्ये स्क्रूने जोडलेले असतात. आमच्या मशीनमध्ये ते वितळवून कायमचे चिकटवले होते, म्हणजे उघडायची सोयच नाही. कंपनीला फोन केला तर उत्तर आलं, "नुसतं बेअरिंग मिळत नाही, ड्रमसकट अख्खा टब घ्या." मोटर ठणठणीत, पंप ठणठणीत, पत्र्यावर गंजाचा ठिपका नाही. तरी मेकॅनिक बिचारा खाली बघून म्हणाला, "यात पैसे घालू नका, नवीनच घ्या."

दादा म्हणाला, "घेताना बघायचं ना. निवडलंस तूच."

कुठे बघायचं? खोक्यावर किलो लिहिलेले, फेरे लिहिलेले, विजेचे तारे छापलेले. टब स्क्रूचा की चिकटवलेला, हे ना माहितीपत्रकात होतं, ना विकणाऱ्याला ठाऊक होतं. जे मला दाखवलंच नाही, ते मी निवडलं कसं?

आणि 'लोकांना हेच हवं असतं' हे तर मला अजिबात पटत नाही. 1924 साली मोठमोठ्या बल्ब कंपन्यांनी जिनिव्हात 'फीबस' नावाचा संघ केला आणि बल्बचं आयुष्य 1000 तासांवर आणायचं ठरवलं. त्याआधीचे बरेच बल्ब त्याहून जास्त चालत. ठरल्यापेक्षा जास्त टिकणारे बल्ब काढणाऱ्या सभासद कंपनीला चक्क दंड होता. हे कुठल्या गिऱ्हाइकाने मागितलं होतं?

फरक पडतो तो कायद्याने. फ्रान्समध्ये 2021 साली वॉशिंग मशीन, मोबाइल, लॅपटॉप यांवर दुरुस्ती किती सोपी आहे याचे दहापैकी गुण छापणं सक्तीचं झालं. त्याच वर्षापासून युरोपीय संघाच्या नियमानुसार मॉडेलचं शेवटचं मशीन बाजारात आल्यापासून किमान 10 वर्षं सुटे भाग द्यावे लागतात. यादीत बेअरिंगही आहे. पण 'वेगळं किंवा एकत्र' अशी मुभा ठेवलीय. म्हणजे अख्खा टब गळ्यात मारायला तिथेही वाट मोकळीच. मला ही पळवाट संतापजनक वाटते.

आता दुसरी बाजूही सांगतो. चिकटवलेला टब जोडायला वेळ कमी लागतो आणि सांध्यातून गळायची भीती कमी, त्यामुळे प्रत्येक वेळी हेतू वाईटच असतो असं नाही. ग्राहक अगदीच हतबल असतो असंही नाही. स्प्रेच्या डब्यातल्या सीएफसी नावाच्या वायूंमुळे ओझोनच्या थराला धोका आहे हे कळल्यावर अमेरिकेत 1970 च्या दशकात लोकांनी असे स्प्रे घेणं बंदी येण्याआधीच कमी केलं होतं. पण तिथे डब्यात काय आहे हे लोकांना कळलं होतं. माहिती हातात असताना डोळेझाक केली, तर दोष गिऱ्हाइकाचाही, हे मला मान्य आहे.

तुम्ही काही घेणार असाल तर विक्रेत्याऐवजी दुरुस्ती करणाऱ्याला विचारा, कुठलं मॉडेल उघडता येतं. कंपनीला लेखी विचारा, कोणते भाग सुटे मिळतील आणि किती वर्षं. उत्तर टाळलं तर ते मॉडेल सोडून द्या. आणि दादा, तू हे वाचत असशील तर असं एक पत्र तूही कंपनीला धाड. त्यांचं काय उत्तर येतं ते आईला वाचून दाखव, मग माझ्या निवडीबद्दल बोलू.