नाव सांगितलं की गुण जातो?

आषाढ लागला की माझ्याकडे येणाऱ्या पाकिटांना वास मारतो. गेल्या आठवड्यात म्हापशाहून आलेल्या एका पाकिटातून पाच पानं निघाली, पाचही बुरशीनं पांढरी. झाड ओळखायला पानं पाठवा असं या सदरात मीच लिहिलं होतं, त्यामुळे तक्रार नाही. पण प्लास्टिकच्या पिशवीत घालू नका. वर्तमानपत्रात दाबून दोन दिवस पाटाखाली ठेवा आणि मग पाठवा. आणि नुसतं पान नको, डहाळी हवी. चेहऱ्यावरून माणूस ओळखावा तशी एकट्या पानावरून वनस्पती ओळखता येत नाही. आता प्रश्न.

आमच्या घरी तीन पिढ्या काविळीचं वखद (औषध) देतात. आता सासूबाईंनी ते मला दिलंय, पण नाव कुणाला सांगायचं नाही, सांगितलं की गुण जातो, अशी शपथ घातलीय. मी नर्सिंग शिकलेली. देत राहू की बंद करू? (एक सून, डिचोली)

बाये, तुझं पत्र वाचून मी सत्तरीतल्या माझ्या माहेरच्या ओसरीवर जाऊन बसले. आजी आयतवारी आणि बुधवारी वखद द्यायची. पहाटेच माणसं येऊन बसलेली असत, डोळे हळदीच्या पाण्यात बुडवल्यासारखे. पैसे घ्यायचे नाहीत, नारळ ठेवायचा. तीन पुड्या, गाईच्या दुधातून. पथ्य कडक: मासळी नाही, तेल नाही, मिरची नाही, पेज आणि मीठ. गोंयकाराला तीन आठवडे मासळीवाचून ठेवायचं म्हणजे वखदापेक्षा पथ्यच कडू.

आणि अर्थात नाव सांगायचं नाही. मी बी.एस्सी.ला वनस्पतिशास्त्र घेतलं तेव्हा कुटायच्या आधी माळ्यावर सुकत घातलेला भारा चोरून खाली आणला आणि भिंग लावलं. भुंयआवळी, म्हणजे भुईआवळा. पानांच्या बारीक दांडीखाली केसाएवढ्या देठांवर मोहरीएवढी गुळगुळीत फळं लोंबत होती. पण त्याच भाऱ्यात काही काड्या अशा, की फळं देठाशिवाय दांडीला चिकटलेली, खरखरीत, तांबूस. ती दुसरी जात. आजीला दाखवलं तर म्हणाली, "दोन्ही एकच गो, बहिणी-बहिणी." बहिणी खऱ्या, पण बहिणीच्या नावानं वखद देतात का? कुठल्या पुडीत कोण किती, हे आजीलाही ठाऊक नव्हतं. नाव लपवण्याचा हा खरा तोटा. जे नाव कुणी विचारायचंच नाही, ते तपासणार कोण?

वखदात काही आहे का, हे तुला विचारायचंय. 1988 साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात मद्रासचा एक प्रयोग छापून आला. हिपॅटायटिस बी शरीरात मुरलेल्या लोकांना भुंयआवळीची 200 मिलिग्रॅम भुकटी दिवसातून तीनदा, 30 दिवस दिली. 37 पैकी 22 जणांच्या रक्तातून विषाणूची खूण गेली. नुसत्या बिनऔषधी पुड्या घेतलेल्या 23 जणांत फक्त एकाची गेली. हिपॅटायटिस बी शोधून नोबेल मिळवलेले ब्लुमबर्ग त्या कामात होते, त्यामुळे जगभर गाजावाजा झाला. मग इतरांनी तेच करून पाहिलं, आणि तसं यश आलं नाही.

मग आजीचे रोगी बरे कसे होत? कारण दूषित पाण्यातून होणारी कावीळ बहुतेकांची काही आठवड्यांत आपणहून उतरते. वखद उतरत्या पाण्यात होडी सोडत होतं.

पण कावीळ हे लक्षण आहे, रोग नव्हे. माझ्या काकांचे डोळे पिवळे झाले तेव्हा अर्थातच घरचं वखद सुरू झालं. अंगाला खाज सुटली, लघवी कोऱ्या चहासारखी, शौच पांढुरकं, मातीसारखं. आजीनं पथ्य आणखी आवळलं. तीन आठवड्यांनी बांबोळीच्या सरकारी इस्पितळात नेलं तर पित्तनळीत खडा अडकलेला. काका वाचले, पण फार हाल होऊन. आजीनं त्यानंतरही पुड्या दिल्या, फक्त प्रत्येकाला आधी विचारायची, "शौचाचा रंग कसा?" आणि पांढरा म्हटला की पुडी हातात न देता डॉक्टरकडे पिटाळायची.

तू तर नर्स. रक्ततपासणीचा कागद पाहिल्याशिवाय पुडी देऊ नकोस. शेतात चिखलात उतरणाऱ्याला ताप आणि कावीळ एकदम आली तर लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस) असू शकतो, त्याला वेळेवर अँटिबायोटिक लागतं. गरोदर बाई, किंवा गुंगीत गेलेला, बरळणारा रोगी ओसरीवर बसवूही नको, सरळ गाडीत घाल. पेजेवर उपाशीही ठेवू नको कुणाला. इतकं करूनही कुणी मागितलंच, तर पुडीवर नाव लिहून दे. सासूबाईंना माझं नाव सांग, शपथ मोडल्याचं पाप माझ्या डोक्यावर.

आषाढी अवसेला आमच्याकडे सातवणीच्या (सप्तपर्णीच्या) सालीचा रस पितात. मुंबईचा नातू येणार आहे, पाच वर्षांचा. त्याला पाजावा का? मुलगा म्हणतो, बाबा तुमचं काहीतरीच. (निवृत्त कारकून, पेडणे)

नातवाला नाही. मुलाचं ऐका.

तुमच्याबद्दल मात्र थोडं लांब लिहिते, कारण आमच्याही घरी ही चाल होती. काळोखात उठून जायचं, साल दगडानं ठेचून काढायची, कोयता लावायचा नाही. मिरी-लसूण घालून वाटीभर रस, आणि त्याची कडू चव दुपारच्या जेवणापर्यंत जिभेवर. पावसाळी ताप येत नाही म्हणत. सातवणीची साल तापावर फार जुन्या काळापासून देत आले हे खरं, पण मलेरियाच्या जंतूपुढे तिच्यावर विसंबू नका. ताप आला की आरोग्य केंद्रात रक्त तपासा.

मला भीती आहे ती त्या काळोखाची. दक्षिण कन्नडातही त्याच अवसेला हीच चाल आहे, आणि तिथे सातवण समजून काजऱ्याची, म्हणजे कुचल्याची, साल आणल्यानं विषबाधा झाल्यात. काजऱ्यात स्ट्रिक्नीन असतं. जबडा आवळतो, अंग धनुष्यासारखं ताठतं. चवीवरून कळत नाही, दोन्ही कडूच. म्हणून झाड आदल्या दिवशी उजेडात पाहून ठेवा. सातवणीची पानं छत्रीच्या काड्यांसारखी एका जागेतून चार ते सात फुटतात, आणि पान तोडलं की पांढरा चीक येतो. काजऱ्याची पानं समोरासमोर जोडीनं, देठापासूनच तीन-पाच ठळक शिरा, चीक अजिबात नाही. चीक आला नाही तर हात धुऊन घरी या. मुलाला हवं तर एवढं सांगा, की सातवणीच्या शास्त्रीय नावातलं ‘स्कोलारिस’ हे शाळेवरून आलंय. तिच्या हलक्या लाकडाच्या पाट्या करत. तेवढं ज्ञान नातवाला चालेल.

पणजीच्या ज्या बागेत आम्ही बसतो तिला गार्सिया द ऑर्ता हे नाव का? फिरंग्यांनी आपलं औषधज्ञान पळवलं ना? (कॉलेज विद्यार्थी, पणजी)

पळवलं म्हण, टिपून ठेवलं म्हण. ऑर्ता ज्यू वंशाचा पोर्तुगीज वैद्य, 1534 साली गोव्यात आला तो इथेच राहिला. 1563 साली त्याचं औषधींवरचं पुस्तक गोव्यातच छापलं, आणि ते सगळं प्रश्नोत्तरांत आहे. म्हणजे हे सदर नवं नाही! युरोपातून आलेला रुआनो पोथीतलं विचारतो, ऑर्ता डोळ्यांनी पाहिलेलं सांगतो. मध्येच हाक मारली की अंतोनिया नावाची घरातली दासी वनस्पती आणून पुढे ठेवते. एके ठिकाणी मालूपा हा हिंदू वैद्यही बोलतो. माझं मत विचारशील तर त्या पुस्तकातली सर्वांत हुशार व्यक्ती अंतोनिया. झाड कुठे आहे हे तिलाच माहीत. ऑर्ता 1568 साली वारला. 1580 साली इन्क्विझिशननं, म्हणजे फिरंग्यांच्या धर्मन्यायालयानं, त्याची हाडं उकरून जाळली, तेव्हा त्याला नुसता लुटारू म्हणताना जरा थांब.

याच्या पुढची गोष्ट कोचीची. डच गव्हर्नर व्हान ऱ्हीडनं मलबारच्या वनस्पतींचे 12 खंड ॲम्स्टरडॅमला छापले, 1678 ते 1693. त्यात रंगभट, विनायक पंडित आणि आपूभट या तीन कोकणी वैद्यांचं काम आहे. गोव्यातून तिकडे गेलेल्या घराण्यांतले. पहिल्या खंडात त्यांचं 1675 सालचं कोकणी प्रमाणपत्र नागरी अक्षरांत छापलेलं आहे. त्या खंडांत भुंयआवळीही आहे, मल्याळी नावानं. डिचोलीच्या सासूबाईंना हेही दाखवा: नाव सांगून, छापून साडेतीनशे वर्षं होत आली.

ब्राह्मी म्हणून बाजारात दोन वेगळ्या जुड्या मिळाल्या. खरी कुठली? (मडगाव)

दोन्ही ब्राह्मी म्हणूनच विकतात. गोल, कडेला कातरल्यासारखं पान असलेली ती मंडूकपर्णी, आपली एकपान. पाण्याकाठी वाढणारी, बारीक जाडसर पानांची ती नीरब्राह्मी. वैद्यांचे वाद चालू द्या. चटणी करायची असेल तर एकपान, ओलं खोबरं आणि चिंचेचं बोटूक. परीक्षेत मार्क वाढतील या आशेनं मुलांना पाजू नका, बिचाऱ्यांना परीक्षा पुरे आहे.

चवथीला गणपतीवर बांधायच्या फळाफुलांच्या माटोळीला कळलावी बांधतो. ती विषारी असते म्हणतात, बांधू नये का? (वाळपई)

बांधा की. तिच्या फुलाशिवाय चवथ मला फिकी वाटते. पण उंच बांधा, आणि कंदासकट उपटून आणू नका. विष सगळ्या झाडात आहे, कंदात सर्वांत जास्त. कंद नांगराच्या फाळासारखा वाकलेला असतो, रताळं समजून खाल्ला तर जीव जातो. त्यातलं कोल्चिसीन संधिवाताच्या एका प्रकारावर डॉक्टरही देतात, पण मोजून, मिलिग्रॅमच्याही अंशात. ‘कळा लावी’ म्हणून बाळंतपणात कंद उगाळून लावायची जुनी रीत होती. आता कुणी सुचवलं तर सुचवणारीलाच खोलीबाहेर काढा.

पपईच्या पानांचा रस डेंग्यूवर? हा प्रश्न सात जणांचा. प्लेटलेट मोजायला दवाखान्यात जा, भरपूर पाणी प्या. आणि तो ‘आपल्या पूर्वजांचा उपाय’ नव्हे. पपई अमेरिकेतून आली, फिरंग्यांच्या काळात.

चूक-दुरुस्ती. मागच्या अंकात गजकर्णावर टाकळ्याचं बी पाण्यात वाटा असं छापलं गेलं. छापखान्याचा दोष नाही, मीच तसं लिहिलं होतं. आमच्याकडे बी आंबट ताकात वाटतात, ताक जितकं शिळं तितकं बरं. शिरोड्याच्या एका आजीनं दोन पानांचं पत्र लिहून माझे कान उपटले. टाकळ्याला आमच्यात तायकिळो म्हणतात हेही मी विसरले होते, असं तिचं म्हणणं. विसरले नव्हते, आजी, पण बाकी सगळं कबूल.