धुताना काचेवरचा मोर कुठं जातो?

वाचकांचे प्रश्न : संगणक

प्रश्न : संगणकाच्या कॅबिनेटच्या टफन ग्लासच्या (तापवून कडक केलेल्या काचेच्या) दारावर पैठणीच्या पदरातला मोर एचिंग क्रीमने, म्हणजे काच खरवडणाऱ्या रसायनाने, उमटवायचा आहे. आधी फोटोफ्रेमच्या काचेवर करून पाहिलं. मोर काही ठिकाणी पांढरा, काही ठिकाणी डागाळलेला आला. धुताना तर तो दिसेनासाच झाला, म्हणून लगेच पुन्हा क्रीम लावलं, तर कडा फुगल्या. नेमकं कुठं चुकलं?
– एक वाचक, लातूर

उत्तर : मोर कुठंही गेला नव्हता. क्रीमने काचेचा पृष्ठभाग बारीक खडबडीत होतो आणि त्यावर उजेड विखुरला की नक्षी पांढरी दिसते. पाणी त्या खळग्यांत भरलं की काच पुन्हा पारदर्शक वाटते. सुकली की नक्षी परत दिसते. म्हणून धुतल्यावर स्टेन्सिल (नक्षी कापलेला चिकट कागद) न काढता काच मऊ कापडाने टिपा, दहा मिनिटं थांबा आणि मगच पुन्हा क्रीम लावायचं का ते ठरवा. ओल्या स्टेन्सिलची कड उचललेली असते. दुसऱ्यांदा लावलेलं क्रीम तिच्याखाली शिरलं, म्हणून कडा फुगल्या.

डाग पडण्याची कारणं बहुतेक दोनच असतात : बोटांचा तेलकटपणा आणि पातळ थर. नक्षीची जागा आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसल्यावर तिथं बोट टेकवू नका. क्रीम ब्रशने रंगासारखं पसरवायचं नसतं, ते दीड-दोन मिलिमीटर जाड थापायचं असतं. नक्षीचा उघडा भाग २०० चौरस सेंटिमीटर असेल तर २ मिलिमीटर थराला ४० मिलिलिटर क्रीम लागतं. काठावर जाणारं धरून ६० हाताशी ठेवा. बाटली आधी प्लास्टिकच्या काडीने ढवळा, तळाला खडे बसलेले असतात. थापल्यावर बुडबुडे दिसले तर काडीने हलकेच फोडा. बुडबुड्याखालची काच कोरीच राहते आणि मोराच्या मानेवर गोल ठिपका दिसतो. वेळ बाटलीवर लिहिलेलीच पाळा, प्रत्येक क्रीमची वेगळी असते.

स्टेन्सिलसाठी रेडियमवाल्याकडे जा. नंबरप्लेटची अक्षरं कापणाऱ्या त्याच प्लॉटरवर ती निघते. एक गोष्ट मात्र त्याला स्पष्ट सांगा : जो भाग पांढरा हवा, तोच सोलून काढायचा. मोराचा डोळा, पिसाऱ्यातले टिकले असे सुटे तुकडे हरवू नयेत म्हणून वरून ट्रान्सफर टेप (सगळे तुकडे एकत्र उचलणारी चिकटपट्टी) लावून घ्या. काचेच्या आतल्या बाजूला एचिंग करणार असाल तर नक्षी उलटी कापायला लावा. आतली बाजू चांगली, कारण बाहेरच्या खडबडीत भागावर बोट लागलं की तेलाचा काळपट ठसा उमटतो.

उन्हाळ्यात हे काम पहाटे करा. पारा चाळिशीपार गेला की रेडियमचा डिंक पातळ होऊन काचेवर राहतो आणि क्रीमही कडेने वाळतं. शेवटचं धुणं बोअरच्या पाण्याने नको. आपल्याकडच्या जड पाण्याचे क्षाराचे ठिपके एचिंगच्या खळग्यांत बसतात. आरओचं किंवा बॅटरीचं पाणी वापरा.

आता सुरक्षिततेचं, आणि हे वाचायचं सोडू नका. अशा क्रीममध्ये सहसा अमोनियम बायफ्लोराइड असतं. त्याने भाजल्याची जखम कधी कधी काही तासांनी दुखू लागते, तोवर ते रसायन आत शिरलेलं असतं. नायट्राइलचे हातमोजे, डोळ्यांवर गॉगल, उघडी खिडकी हवीच. अंगाला लागलं तर लगेच भरपूर पाण्याने किमान १५ मिनिटं धुवा आणि बाटली सोबत घेऊन दवाखाना गाठा. क्रीम चिनीमातीच्या बेसिनमध्ये धुऊ नका, बेसिनची चकाकी जाते. प्लास्टिकच्या टबात धुवा. लहान मुलं घरात असतील तर हे काम त्यांच्यासमोर करायचंच नाही.

दार काढल्यावर ते टाइल्सच्या फरशीवर उभं टेकवू नका. टफन ग्लासची खरी कमजोरी कडेला असते. टाइलवर कोपरा आपटला की अख्खी काच एका क्षणात चुरा होते. घडी घातलेल्या सतरंजीवर आडवं ठेवा.

प्रश्न : माझ्या कॅबिनेटवर तेच क्रीम अर्धा तास ठेवलं, काहीच झालं नाही. क्रीम जुनं असेल का?
– एक वाचक, नांदेड

उत्तर : तुमच्या कॅबिनेटची पारदर्शक बाजू ॲक्रिलिकची, म्हणजे काचेसारख्या दिसणाऱ्या प्लास्टिकची असणार. हे क्रीम काचेतल्या सिलिकावर काम करतं, प्लास्टिकवर नाही. नखाने टिचकी मारून पाहा : काच खणखणते, ॲक्रिलिक बद्द वाजतं आणि हाताला कमी थंड लागतं.

ॲक्रिलिकला ४०० नंबरचा वॉटर पेपर पाण्यात भिजवून लहान गोल फेऱ्यांनी घासा, मग ६०० नंबरने. सरळ रेघांत घासलंत तर त्या रेघा दिव्याच्या उजेडात दिसत राहतील. हात स्टेन्सिलच्या कडेकडून मोकळ्या भागाकडे चालवा, उलट फिरवलात तर कड उचलते. नंतर पुसायला भांडी धुण्याच्या साबणाचे एक-दोन थेंब घातलेलं पाणी पुरे. थिनर, स्पिरिट किंवा अमोनिया असलेला काचेचा क्लीनर लावू नका, ॲक्रिलिकला केसासारख्या बारीक भेगा पडतात.

प्रश्न : वाळूज एमआयडीसीत सँडब्लास्टिंग (वाळूचा जोरदार मारा करून कोरणं) करून घेतलं तर? काच ४ मिलिमीटरची टफन आहे.
– एक वाचक, छत्रपती संभाजीनगर

उत्तर : खोल कोरीव काम नको. टफन ग्लासच्या दोन्ही बाजूंना दाबाखालचा थर असतो, साधारण प्रत्येकी जाडीच्या पाचव्या भागाएवढा. तो भेदला गेला की काच फुटते. खोलच हवं असेल तर साध्या काचेवर कोरून, मग ती टफन करून घ्यायची.

प्रश्न : नक्षी अंधारात उजळवायची आहे.
– एक वाचक, परभणी

उत्तर : ५ मिलिमीटर ॲक्रिलिक घ्या आणि एलईडी पट्टी त्याच्या कडेला लावा, तोंड कडेकडे. आत शिरलेला उजेड गुळगुळीत पृष्ठभागांवर परत परत आदळत पुढं जातो आणि फक्त खडबडीत नक्षीपाशी बाहेर पडतो. कापलेली कड ४००, ८०० आणि १२०० नंबरच्या पेपरने ओलीच घासून गुळगुळीत करा, नाहीतर बराच उजेड तिथंच वाया जाईल. पट्टीजवळची नक्षी जास्त झळकते, म्हणून तिकडे ठिपके विरळ आणि दूर जाल तसे दाट ठेवा. बीबी का मकबऱ्याच्या जाळीसारखी भौमितिक नक्षी यासाठी फार शोभते.

जोडताना मदरबोर्डचं हेडर (पट्टीची वायर लावायच्या पिना) नीट पाहा. एआरजीबीला (प्रत्येक दिव्याचा रंग वेगळा बदलता येणाऱ्या पट्टीला) तीन पिना आणि ५ व्होल्ट, साध्या आरजीबीला (सगळे दिवे एकाच रंगात बदलणाऱ्या पट्टीला) चार पिना आणि १२ व्होल्ट. ५ व्होल्टची पट्टी १२ वर लावली की जळते.