अठरावे वचन वाच

चि. बाळ, अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र मिळाले. रविवारच्या उपदेशात, यवतमाळला शिकायला गेलेल्या तुम्हा मुलींकडे पाहत, बायबलातील शेवटच्या पुस्तकाच्या, प्रकटीकरणाच्या, सतराव्या अध्यायातील जांभळी-किरमिजी वस्त्रे ल्यालेली, हातात सोन्याचा प्याला धरलेली बाई उभी केली गेली. आणि शास्त्रात बाईला माता किंवा वेश्या याखेरीज तिसरी जागाच नाही का, असे तू विचारतेस. तुझा राग मला कळतो, पण तू सहाव्या वचनावर पुस्तक मिटलेस हे मला मुळीच पटलेले नाही. अठरावे वचन वाच. ती बाई म्हणजे पृथ्वीच्या राजांवर राज्य करणारे मोठे नगर, असे तिथे स्वच्छ लिहिले आहे. ती ज्या श्वापदावर बसली आहे त्याची सात डोकी म्हणजे सात डोंगर, हे नवव्या वचनातच येऊन जाते, आणि हे पुस्तक लिहिणाऱ्या योहानाच्या पहिल्या वाचकांनी त्यावरून रोम ओळखले नसेल असे मला वाटत नाही. पुढच्या अध्यायात तिच्यासाठी रडतात ते राजे, व्यापारी आणि तांडेल; मालाची यादी सोन्यापासून सुरू होते आणि माणसांच्या जिवांपाशी संपते. आपल्या पऱ्हाटीचा भाव दुसरेच ठरवतात, अशा गावात ती यादी वाचायला हवी होती. बोलणे झाले ते मुलींच्या कपड्यांवर.

एकविसाव्या अध्यायातील नवरी हीसुद्धा नगरच आहे, बारा वेशींचे. ग्रीकमध्ये नगराचा शब्द स्त्रीलिंगी आहे, जशी आपली नगरी. हिब्रूत ज्ञानही स्त्रीलिंगी आहे. आपल्याकडे ते नपुंसकलिंगी असल्यामुळे जुन्या करारातील नीतिसूत्रांच्या नवव्या अध्यायातील दोघी आपल्याला चटकन दिसत नाहीत. भोळ्याने इकडे वळावे, ही हाक चौथ्या वचनात ज्ञान देते आणि सोळाव्यात मूर्खताही देते, दोघीही गावाच्या उंच जागेवरून. म्हणजे बाईने चारचौघांत मोठ्याने बोलणे हा दोष नव्हेच. एकीने सात खांब घडवून घर बांधले आहे, ताट मांडले आहे. दुसरी दारात बसून चोरीचे पाणी गोड लागते एवढेच सांगते.

सत्ताविसाव्या वर्षी मीही याच अध्यायावर बोललो होतो. वेचणीवरून तशीच आलेली एक विधवा समोर बसली होती. अंगावर भावाने दिलेले जांभळे लुगडे, पदराला कापसाचे तूस. मी वस्त्रांचे वर्णन रंगवत होतो आणि ती मान खाली घालून एकेक तूस उपटत होती. ती पुन्हा कधी पुढे बसली नाही. वेळ संपत आली होती, लोकांना शेतात परतायचे होते, मला तसेच शिकवले गेले होते. ही सारी कारणे खरी आहेत. अठरावे वचनही त्याच पानावर होते.

त्या नगराला नग्न करून जाळण्याचे सोळावे वचन तुला बोचते, असे तू लिहिलेस. मलाही बोचते, आणि नगर म्हटल्याने ते बोचणे जात नाही. पण अठरावे न वाचता सोळाव्यावर माझ्याशी भांडू नकोस. नाताळात येशील तेव्हा जखऱ्या संदेष्ट्याच्या पुस्तकाचा पाचवा अध्याय वाचून ये. तिथे टोपलीत कोंडून वर शिशाचे झाकण ठेवलेली बाई म्हणजे दुष्टता, आणि तिला टोपलीसकट उचलून नेणाऱ्या, पंख असलेल्याही दोन बायाच. त्या दोघी कोण, यावर मला तुझे म्हणणे ऐकायचे आहे.